‘धक्का स्टार्ट’चा तो भाग

समजा, तुमच्या आईचा साठावा वाढदिवस आहे. केक, खीर आणि कोथिंबिरीच्या सांबारवडीची सोय दुसऱ्यांनी केली आहे. तुमच्या वाट्याला एकच काम आलंय, आईवर प्रश्नमंजुषा तयार करायची. पाहुणे गट पाडून बसतील, तुम्ही प्रश्न विचाराल, ज्याला उत्तर येईल तो बझर दाबेल. तर आता लॅपटॉप उघडा आणि पहिला प्रश्न लिहा. आईची आवडती भाजी कोणती? लिहिलात? आता त्याच्यापुढे उत्तर लिहा. बघा, बोट थांबतं की नाही ते.

नागसेनचं बोट थांबलं नाही, आणि सगळी फजिती तिथूनच सुरू झाली. त्यानं बेधडक लिहिलं, ‘वांग्याची’.

नागसेन नागपूरजवळ हिंगण्याच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात इंजिनियर आहे. दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूंतल्या चुका काढणं हे त्याचं रोजचं काम. त्यामुळे आपण स्वतः बनवलेल्या वस्तूतही चूक असू शकते, हे त्याच्या जरा उशिरा लक्षात येतं. त्यानं सीताबर्डीतून दारावरच्या घंटीची बटणं आणली, ती प्लायच्या तुकड्यांवर बसवली, प्रत्येकाला वेगळा आवाज दिला आणि आठवडाभर घरात टिंगटाँग करून सगळ्यांचं डोकं उठवलं. बझर उत्तम चालत होते. तपासायला हवी होती ती उत्तरं, आणि ती त्यानं कोणालाच विचारली नव्हती.

खरं तर एकदा त्यानं आईला विचारलं होतं. प्रश्नांबद्दल नाही, भेटीबद्दल.

"आई, वाढदिवसाले तुले काय पाहिजे?"

प्रेमिलाबाई कणीक मळत होत्या. "काही नको."

"काही तरी सांग ना वं."

"खरंच आणशील? मग ‘धक्का स्टार्ट’चा तो भाग आण. गाडी लग्नाच्या मांडवासमोर बंद पडते तो. मले त्यातलं एक पाहाचं आहे."

‘धक्का स्टार्ट’ ही दूरदर्शनवर लागणारी जुनी विनोदी मालिका. खटपटे नावाचं एक कुटुंब, त्यांची एक म्हातारी मोटार, आणि ती मोटार धक्का मारल्याशिवाय कधीच सुरू होत नाही, एवढ्यावर मालिका चालायची. कुटुंबप्रमुख अण्णा खटपटे दर भागात एकदा तरी ओरडायचे, "उतरा खाली, लावा धक्का!" हे वाक्य प्रेमिलाबाईंच्या तोंडात इतकं बसलं होतं की नागसेनला लहानपणी त्याच वाक्यानं अंथरुणातून उठवलं जायचं. गॅस पेटला नाही तरी तेच, नळाला पाणी आलं नाही तरी तेच. त्या अंगणवाडीत मदतनीस आहेत. तिथली तीन-चार वर्षांची पोरंसुद्धा आता घसरगुंडीवर एकमेकांना "लावा धक्का" म्हणतात. घरातल्या सगळ्यांचं एकमत होतं की आईइतकं ‘धक्का स्टार्ट’वर प्रेम करणारं माणूस अख्ख्या नागपुरात नसेल.

नागसेननं तो भाग खूप शोधला. इंटरनेटवर नव्हता. जुन्या मालिकांच्या एका फेसबुक ग्रुपवर त्यानं विचारलं, तर कोणीतरी लिहिलं की त्या टेपवर नंतर दुसरंच काही भरलं असावं, त्या काळी तसंच करायचे. मिळाले ते काही फोटो, वर्तमानपत्रात छापून आलेले, धुरकट. मग नागसेननं ठरवलं की भाग नाही तर नाही, आपण आईसाठी ‘धक्का स्टार्ट’वरच प्रश्न काढू. ती सगळ्यांना हरवेल आणि खूश होईल.

हे कळल्यावर प्रेमिलाबाई एवढंच म्हणाल्या, "मी भाग मागतला, अन् तू परीक्षा घेऊन आला."

रविवारी दुपारी वैशाली नगरातल्या त्यांच्या घरी मंडळी जमली. बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोपुढे मेणबत्ती लावून झाली, केक कापून झाला, आणि केकनं माखलेलं बोट आजीच्या नाकाला लावणाऱ्या नातीला प्रेमिलाबाईंचा एक धपाटाही बसला. मग नागसेननं भिंतीवर पांढरी चादर ताणून प्रोजेक्टर लावला. एका गटात त्याचे वडील देवाजी, म्हणजे हिंगण्याच्या एका कंपनीची बस चालवून निवृत्त झालेले. दुसऱ्यात आत्या रुख्मिणी, देवाजींची धाकटी बहीण. तिसऱ्यात नागसेनची बायको प्रीती. मुलगी रितिका गुण लिहायला बसली. प्रेमिलाबाईंना मधल्या खुर्चीत बसवलं होतं. पहिला प्रश्न पडद्यावर आला तेव्हा ती खुर्ची रिकामी होती. त्या खीर बघायला आत गेल्या होत्या.

"आईची आवडती भाजी कोणती?" नागसेननं विचारलं.

टिंगटाँग. रुख्मिणीआत्यानं बझरवर अख्खा तळवा आपटला होता. "वांग्याची!"

"बरोबर! दहा गुण."

"कोण म्हणते?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

प्रेमिलाबाई हातात पळी घेऊन दारात आल्या. "वांगं खाल्लं का माह्या जिभेले खाज सुटते. तुझ्या बापाले आवडते वांगं. मले दोडका आवडते."

"दोडका?" देवाजींनी मान वळवून पाहिलं. "आपल्या घरी दोडका कधी झाला वं?"

"कोणी खात नाही म्हणून करत नाही."

"मग आजवर बोलली काहून नाही?"

"विचारलं कोणं?"

"ते जाऊ द्या," रुख्मिणीआत्या मध्ये पडली. "नागसेन, माझे दहा गुण कापू नको बरं. तुझ्या कॉम्प्युटरात वांगंच लिहून आहे."

"पण आजीलाच आवडत नाही तर बरोबर कसं?" रितिकानं पेन्सिल वर धरली.

"तू लिही. दहा," नागसेन म्हणाला. "पुढचा प्रश्न." त्याच्या कपाळावर पहिली आठी पडली.

पुढचा प्रश्न त्यानं सगळ्यात सोपा म्हणून ठेवला होता. आईची जन्मतारीख. प्रीतीनं बझर दाबला आणि आधार कार्डावरची तारीख सांगितली, एक जुलै.

"ते त गुरुजीनं लिहिलं," प्रेमिलाबाई म्हणाल्या. "खाप्याच्या शाळेत अर्ध्या वर्गाची एक जुलैच होती. माय म्हणे, तू भादव्यात, तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाली."

"म्हणजे आज वाढदिवस नाही?" रितिकाचा चेहरा पडला.

"तेच त मी सांगून राहिली होती. केकची घाई कोणाले होती?"

असा तो खेळ पुढे सरकत गेला, म्हणजे सरकला नाहीच. आईचं माहेर खापा कोणत्या नदीकाठी, याचं उत्तर देवाजींनी कन्हान असं बरोबर दिलं आणि आयुष्यभर बस चालवणाऱ्या माणसाला नद्या पाठ असतात यावर एक भाषण केलं. लग्नाआधी आई काय काम करायची, हे कोणालाच येत नव्हतं. नागसेननं उत्तर लिहिलं होतं, ‘शेती’. प्रेमिलाबाईंनी कपाळावर हात मारला. "आमची कुठची शेती बापा? बाबा मागावर लुगडी विणत. मी कांड्या भरत बसो. सूत भरता भरता बोटं सोलून निघत. तुले सांगतलं होतं ना, तू दहावीत होता तव्हा?"

नागसेनला आठवत नव्हतं. त्यानं लॅपटॉपवर उत्तर दुरुस्त केलं. मग आधीचं वांगंही दुरुस्त केलं. रुख्मिणीआत्यानं ते बघितलं आणि तिचे दहा गुण राहतात की जातात यावरून पुन्हा वाद सुरू झाला. देवाजी म्हणाले, नियम म्हणजे नियम. आत्या म्हणाली, दादा, तुला तरी दहाच्या वर गुण आहेत का? प्रीती म्हणाली, आई, तुम्ही आधी बसा ना. प्रेमिलाबाई म्हणाल्या, खीर खाली लागली त कोण खाईन, तुमचा प्रोजेक्टर?

नागसेननं सुस्कारा टाकला आणि घाईनं पुढच्या फेरीवर उडी मारली. ‘धक्का स्टार्ट’ची संवाद फेरी. इथे तरी त्याचं काही चुकणार नव्हतं.

"अण्णा खटपटे गाडी सुरू होत नाही तेव्हा घरमालकाला काय म्हणतात? ‘भाडं पुढच्या महिन्यात देतो’..."

"‘पण आत्ता एक धक्का द्या!’" स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

"आई, बझर दाबल्याशिवाय बोलायचं नाही."

"मी काय बस थांबवून राहिली काय, घंटी दाबाले?"

पुढचं वाक्य अर्धं वाचून होण्याआधीच आतून उरलेलं अर्धं आलं. त्याच्या पुढचंही. काकूचं, घरमालकाचं, शेजारच्या वकिलाचं. नुसते शब्द नाही, आवाजसुद्धा. वकिलाचं नाकातून बोलणं, काकूचा हुंदका, अण्णांचा घोगरा दम. रुख्मिणीआत्या हसून हसून बझरवर रेलली आणि तो वाजतच राहिला. देवाजी टाळ्या वाजवत म्हणाले, "पाहा! हे होय माझी बायको!" नागसेनचा चेहरा उजळला. आता शेवटची फेरी, फोटोंची. आईला हाताला धरून त्यानं खुर्चीत बसवलं आणि पडद्यावर पहिला फोटो लावला. टोपी घातलेला, हाडकुळा, खाली झुकलेल्या मिशांचा एक माणूस.

"सांग आई, हा कोण?"

प्रेमिलाबाईंनी डोळे बारीक केले. पदरानं चष्मा पुसला. "घरमालक असन."

तो अण्णा खटपटे होता.

"आई, नीट पाहा. घाई नको करू." त्यानं दुसरा फोटो लावला. डोक्यावरून पदर घेतलेली, हातात लाटणं धरलेली बाई.

"ही... शेजारीण काय वकिलाची?"

ती काकू होती. ज्या काकूचा हुंदका प्रेमिलाबाईंनी आत्ताच काढून दाखवला होता, ती. तिसऱ्या फोटोत वकील होता. तो त्यांनी ओळखला, पण काळ्या कोटावरून.

प्रीती नागसेनच्या कानाजवळ आली आणि अगदी हळू म्हणाली, "मला ही लक्षणं बरी वाटत नाहीत. धंतोलीत एकदा डॉक्टरांना दाखवून घेऊ या का? माझ्या मावशीचं असंच सुरू झालं होतं. आधी चेहरेच गेले."

"माझे कान नाही गेले अजून," प्रेमिलाबाई म्हणाल्या.

प्रीती लाल झाली. "तसं नाही आई, मी फक्त..."

"अन् चेहरेही नाही गेले. तुले काय वाटते, मी विसरली?" त्या खुर्चीतून उठल्या. "अवं, मी हे कधी पाह्यलंच नाही!"

"काय नाही पाहिलं?" नागसेनला कळेना.

"हेच. तुझं ‘धक्का स्टार्ट’. एकही दिवस नाही."

देवाजी हसायला लागले. "काहीही काय बोलून राहिली वं? टीव्ही आपल्याच घरी होता!"

"घरी होता. पाचपावलीच्या जुन्या घरी. कुठी होता, सांगा बरं?"

"समोरच्या खोलीत. फळीवर."

"कोणत्या भिंतीले?"

देवाजी थांबले. त्यांचा हात हवेत उठला, डावीकडे गेला, मग उजवीकडे. चेहऱ्यावरून दिसत होतं की ते मनातल्या मनात त्या जुन्या खोलीत शिरून उभे आहेत.

"स्वयंपाकखोलीच्या भिंतीले," प्रेमिलाबाईंनीच सांगितलं. "इकडून टीव्ही, अन् तिकडून माझी शेगडी. मधात भिंत. टीव्हीची पाठ माह्याकडे. गुरुवारी पूर्ण गल्ली आपल्या घरी येऊन बसे. कोणी खाटेवर, कोणी सतरंजीवर, कोणी खिडकीले लोंबून. सगळ्यांचा चहा कोण करे? पोया कोण लाटे? तुमची माय म्हणे, पाहुणे उठाच्या आधी ताटं लागली पाहिजेन. दाराले पडदा होता. तो थोडा सरकवला का मले तुमची तोंडं दिसत. टीव्ही नाही दिसे. मी आवाज ऐको अन् तुमची तोंडं पाहो. तीच माझी मालिका."

प्रीतीनं प्रोजेक्टरवरचा फोटो बंद केला.

"तू म्हटलं असतं त आपण टीव्ही हलवला असता," देवाजी शेवटी म्हणाले.

"कुठी हलवला असता? दुसऱ्या भिंतीले खिडकी होती, अन् तिसरीले तुमची खाट." त्यांचा स्वर चढला. "अन् मले त्याचं काही नाही वाटत. ऐकून ऐकून मले सगळं समजे. अण्णा बोलले का समजे, काकू रडली का समजे. मनातल्या मनात मी सगळे माणसं बनवून ठेवले होते. अण्णा माह्या हिशोबानं चांगला धिप्पाड होता, ह्या फोटोतल्यासारखा काडी नाही. पण तो एक भाग! मांडवाचा! त्यात तुम्ही सगळे हसले, अन् काहून हसले ते मले आजवर समजलं नाही. म्हणून मी भाग मागत होती. तुम्ही मले फोटो दाखवून राहिले."

"हसायचंच होतं वहिनी, विनोदीच होती ना मालिका," रुख्मिणीआत्या म्हणाली.

"तसं नाही. बस, मी सांगतो." आणि प्रेमिलाबाई पुन्हा खुर्चीत बसल्या. या वेळी त्या खुर्चीच्या टोकावर, दोन्ही हात पुढे करून बसल्या होत्या. "आधी बँड वाजून राहिला होता. मग गाडीचं फुर्र फुर्र, अन् गाडी बंद. अण्णा म्हणते, ‘उतरा खाली, लावा धक्का.’ मग बँड एकदम थांबला. अन् त्याच्यानंतर काही नाही. एक शब्द नाही, एक आवाज नाही. मले वाटलं लाईट गेली का काय. मी पडदा सरकवला. त तुम्ही सगळे टीव्हीकडे पाहून राहिले, तोंडं उघडी. अन् मग फुटलेच. भिंत हालली माझी. अन् तुमची माय," त्या देवाजींकडे वळल्या, "तुमची माय! मी त्या घरात आली तव्हापासून तिचे दात नव्हते पाह्यले. ती हसली. पोट धरून हसली, पदर तोंडात कोंबून हसली, खोकला आला तरी हसतच होती. मी विचारलं, काय झालं वं माय? त म्हणते, ‘काही नाही, तू जा, पोया करपतीन.’"

"मग?" रितिका गुणांचा कागद विसरून आजीच्या पायाशी येऊन बसली होती.

"मग काय? दुसऱ्या दिवशी विचारलं, ‘काही नाही.’ तुझ्या आजोबाले विचारलं, ‘अवं ते पाहाले पाहिजेन, सांगून मजा नाही.’ काही नाही म्हणून गल्लीभर माणसं हसतात काय? काही नाही म्हणून तशी बाई हसते काय? मले एवढंच सांगा, काय दिसलं होतं?"

देवाजींनी घसा साफ केला. घरातला मोठा माणूस म्हणून उत्तर द्यायची जबाबदारी त्यांची होती. "सोपं आहे. मले चांगलं आठवते. अण्णाच्या धोतराचा सोगा गाडीच्या दारात अडकते. गाडी पुढं जाते अन् धोतर..."

"गाडी पुढं जाते?"

"हो मग."

"गाडी चालली त आवाज कुठी गेला? त्या गाडीचा आवाज मेलेल्या माणसाले उठवे. मी सांगून राहिली, काहीच आवाज नव्हता."

देवाजींनी धोतर दाखवायला उचललेला हात खाली घेतला.

"दादाचं काही ऐकू नको वहिनी," रुख्मिणीआत्या पुढे सरकली. "धोतराचं दुसऱ्या भागात होतं. यात नवरदेवाची घोडी होती. ती येते अन् खिडकीतून तोंड आत घालते, थेट काकूच्या मांडीवर."

"वरातीच्या घोडीले घुंगरं असतात का नाही?"

"असतात ना."

"मग वाजली काहून नाही?"

"आता घुंगरं मी वाजवू काय?" आत्या चिडली. "घोडी होती म्हणजे होती. पांढरी."

"टीव्हीवर त सगळंच पांढरं अन् काळं होतं वं," देवाजी म्हणाले. "घोडी तुझ्या लग्नात होती. तिनंच तुझ्या नवऱ्याले पाडलं होतं."

"माझ्या नवऱ्याला मध्ये आणायचं काम नाही दादा!"

रितिकानं तोवर आईचा फोन घेऊन त्यातल्या बोलणाऱ्या मदतनिसालाच विचारून टाकलं. फोननं गोड आवाजात, जराही न अडखळता सांगितलं की या लोकप्रिय प्रसंगात अण्णा विहिरीत पडतात आणि सारे गावकरी दोर घेऊन धावतात.

"मांडवात विहीर कोणं खणली?" प्रेमिलाबाईंनी विचारलं. "अन् पडला त धप्पकन आवाज नाही येत? बंद कर तो फोन. तोही तुझ्या बापासारखाच आहे, माहीत नसलं तरी उत्तर तयार."

नागसेन तेव्हा पाळण्यात होता, त्यामुळे त्याच्याकडे सांगायला उत्तर नव्हतं. त्याच्या पडद्यावर अजून सात प्रश्न शिल्लक होते, रंगीत, कोपऱ्यात फुगे असलेले. त्यानं लॅपटॉपचं झाकण खाली केलं. "आत्या, बाबा, भांडू नका. एक एक करून सांगा. बँड का थांबला? वाजवणारे पळाले का? गाडीत कोण कोण होतं?"

देवाजी म्हणाले पाच जण. आत्या म्हणाली तीन. देवाजी म्हणाले मांडव पडला होता, आणि लगेच स्वतःच म्हणाले, नाही, पडला असता तर बांबूंचा आवाज आला असता. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती मान हलवत होती. दहा मिनिटांपूर्वी ज्यांना सगळं चांगलं आठवत होतं त्यांना आता एवढंच आठवत होतं की ते हसले होते.

रुख्मिणीआत्या बझरचं बटण नखानं खरवडत होती. मग म्हणाली, "वहिनी, रागावू नको. मी तव्हा टीव्ही पाहतच नव्हती वाटते. मी मायले पाहून राहिली होती. तिले हसताना पाहून मले हसू आलं. टीव्हीवर काय होतं ते मले खरंच नाही माहीत."

"अन् घोडी?"

"घोडी असती त चांगलं झालं असतं, असं वाटलं."

प्रेमिलाबाईंनी हात जोडले, कोणाला ते कळलं नाही. "धन्य आहे बाई. टीव्हीसमोर बसून मायले पाहे ही. अन् माह्या नशिबी भिंत."

"मधुकरराव!" देवाजी एकदम ओरडले. "अवं, मधुकररावले विचार ना! वेताचा मोढा टाकून सगळ्यात समोर तोच बसे. टीव्हीत शिरतो का काय असा. त्याची नजर हालत नसे."

मधुकरराव पाचपावलीच्या घराला लागून राहायचे. आता ते खाप्याला, मुलीकडे असतात, ऐंशी ओलांडून गेलेत. मुलीचा, मिनलचा नंबर प्रेमिलाबाईंकडेच होता. खाप्याच्या प्रत्येक माणसाचा नंबर त्यांच्याकडे असतो. त्यांनी लावला. नागसेननं तो स्पीकरवर टाकला आणि फोन रुख्मिणीआत्याच्या बझरशेजारी ठेवला.

"जयभीम मावशी! वाढदिवसाच्या शुभेच्छा," मिनल म्हणाली. "फेसबुकवर पाहिले फोटो."

"राहू दे ते. बाबा जागे आहेत काय वं? दे बरं त्यांले. मोठ्यानं बोलतो मी."

थोडी खडबड झाली. मग एक जाडसर, ओलसर श्वास ऐकू आला. "कोण? देवाजीची बायको?"

"हो भाऊजी. एक विचाराचं होतं. तुम्हाले ‘धक्का स्टार्ट’ आठवते काय? आमच्या घरी पाहत होते ते?"

"न आठवाले काय झालं!" म्हाताऱ्याचा आवाज एकदम भरला. "तुझा चहा आठवते. अद्रक टाकून. देवाजी छपरावर चढून टीव्हीचा अँटेना फिरवे, अन् आम्ही खालून ओरडो, आला, आला, गेला..."

"भाऊजी, तो मांडवाचा भाग. गाडी मांडवासमोर बंद पडते. अण्णा म्हणते ‘लावा धक्का’, अन् बँड थांबते. त्याच्यानंतर काय दिसलं?"

"मांडवासमोर..."

"हो. बँड थांबला. मग?"

सगळे फोनवर वाकले होते. देवाजींचं डोकं आत्याच्या डोक्याला लागलं, तरी दोघं हलले नाहीत. पलीकडे काही क्षण काहीच ऐकू आलं नाही. मग एक बारीक चिरका आवाज आला. आधी वाटलं खोकला आहे. तो खोकला नव्हता. मधुकरराव हसायला लागले होते.

"अरे बापा..." ते म्हणाले, "अरे बापा रे, तो... तो कसा..." आणि पुढे शब्द फुटेना. हसणं वाढत गेलं, श्वासात अडकत, शिट्टीसारखं वाजत. "अन् मंग तो असा..." पलीकडे त्यांनी हातानं काही करून दाखवलं असावं, कारण मिनलही हसायला लागली. "बाबा, काय करून राहिले तुम्ही? असं कोण करते?" हसता हसता ती म्हणाली.

"काय केलं?" प्रेमिलाबाई ओरडल्या. "मिनल, काय केलं त्यांनी हातानं?"

"काय माहीत मावशी, कसं तरीच केलं, सांगता नाही येत, तुम्ही पाहाले पाहिजे होतं!"

इकडे रुख्मिणीआत्याला हसू फुटलं. मग रितिकाला. मग देवाजी, ज्यांना काहीच आठवत नव्हतं, तेही पोट धरून हसायला लागले, आणि प्रीतीनं तोंडावर ओढणी धरली. नागसेननं व्हिडिओ कॉल लावण्यासाठी फोनकडे हात नेला. तोवर पलीकडून मिनल म्हणाली, बाबांना दम लागतोय, मी नंतर करते, आणि हसण्याचा तो आवाज लांब लांब जायला लागला.

प्रेमिलाबाईंनी फोन दोन्ही हातांनी उचलून तोंडाजवळ धरला.

"हसू नका गा सगळे! भाऊजी, ठेवू नका, आधी सांगा... बँड थांबल्यावर काय दिसलं होतं?"